नाशिद मास्तरांचं कपाटातलं गाणं

ऑगस्टमधल्या दुपारी, इजिप्तमधल्या मल्लवीतली कुत्रीसुद्धा गाड्यांखालून बाहेर यायला तयार नसतात अशा वेळी, नाशिद मास्तर बायकोच्या कपड्यांच्या कपाटात बसले होते. पंखा बंद, खिडक्या बंद, कपाटाच्या दारावर हिवाळ्यातली दोन जाड पांघरुणं टाकलेली, आणि मांडीवर ऊद. ऊद म्हणजे जाळायचा नव्हे, वाजवायचा. मोठ्या पोटाचा, आखूड मानेचा, तारांचा. मोबाईल त्यांनी स्वतःच्याच एका बुटात उभा करून ठेवला होता. नाकावरून घाम तारांवर ठिबकत होता. सतराव्यांदा वाजवत होते आणि या खेपेला दुसरं कडवं बिनचूक पार पडलं होतं. तिसऱ्याच्या अर्ध्यावर आले आणि खाली गॅसवाल्याने गाढवगाडी उभी करून पान्याने सिलिंडर बडवायला सुरुवात केली.

"तुझ्या सिलिंडरला गंज चढो! तुझ्या पान्याला पंख फुटोत!" मास्तर कपाटातूनच ओरडले. ते चर्चमध्ये शम्मास होते, म्हणजे वेदीपाशी उभं राहून स्तोत्रं म्हणणारे, त्यामुळे शिव्यांची मजल एवढीच.

"माझ्या काळ्या झग्याला घामाचा वास लागला तर याद राखा, अबू मार्तीना," स्वयंपाकघरातून इन्साफचा आवाज आला; लेकीच्या नावावरून ती नवऱ्याला अबू मार्तीना, म्हणजे मार्तीनाचे बाबा, म्हणायची. "लोकांच्या मयतीला मी तोच घालते."

"दार लावून घे! तुझा आवाजही त्यात येतोय!"

"माझं घर आहे की रेडिओ स्टेशन?"

मास्तरांचं सगळं आयुष्यच असं गेलं होतं. एकतीस वर्षं सरकारी शाळेत संगीत शिकवलं, म्हणजे संगीताचा तास असा वेळापत्रकात छापलेला असायचा आणि त्या तासाला गणिताचा मास्तर येऊन फळ्यावर अपूर्णांक मांडायचा. विचारलं तर म्हणायचा, "उस्ताज, तुमचं काय, गाणं कधीही होतं." शाळेतला पियानो मुख्याध्यापकांनी फाईली ठेवायला वापरला. वर्षातून एकदा तपासनीस आला की फाईली उतरायच्या, मुलं राष्ट्रगीत म्हणायची, फाईली पुन्हा चढायच्या. अशा माणसाचा स्वभाव चिडका झाला नसता तरच नवल. निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवर कबुतरं पाळली, आणि कबुतरं तालात घुमत नाहीत म्हणून त्यांच्यावरही चिडत राहिले.

पण या उन्हाळ्यातली चीड वेगळी होती. त्यांची एकुलती एक मार्तीना सात वर्षांपूर्वी कॅनडात, मिसिसॉगाला गेली होती; तिथल्या एका दवाखान्यात औषधं द्यायची. तिचं आता तिकडेच वाढलेल्या मार्क नावाच्या मुलाशी ठरलं होतं. मुलगा आपल्यातलाच, कॉप्टिक ख्रिस्ती, चर्चला जाणारा, दात तेवढे जरा जास्त पांढरे. लग्न नोव्हेंबरात. आणि जूनमध्ये मास्तरांचा आणि इन्साफचा, दोघांचाही व्हिसा नाकारला गेला. पत्रात म्हटलं होतं, अर्जदार परत मायदेशी जातील याची खात्री वाटत नाही.

"मी परत येणार नाही?" मास्तरांनी ते पत्र शेजाऱ्यांना, न्हाव्याला, चर्चच्या पाद्र्यांना म्हणजे अबूनांना, सगळ्यांना वाचून दाखवलं. "मग माझी कबुतरं काय त्यांचा साहेब येऊन सांभाळणार?"

चेष्टा करून झाली, तरी रात्री जेवताना तेच डोक्यात घोळत राहिलं. मुकुट चढवण्याचा विधी चर्चमध्ये अबूना करतील, तिथे बापाचं तसं काम नसतं. पण चर्चनंतर हॉलच्या दारातून मुलीला आत आणतो तो बाप. तिचा हात आपल्या कोपरात घेऊन, सगळ्यांच्या देखत, सावकाश चालत नवऱ्यामुलापर्यंत न्यायचं आणि मग सोडायचं. एवढ्यासाठीच तर बाप सूट शिवतो. मार्कचे काका म्हणाले होते, आम्ही आणू की तिला आत. काका! ज्या माणसाने तिला पाळण्यात पाहिलं नाही, तो तिला हाताला धरून आत आणणार! मास्तरांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "मी नाही गेलो तर माझा ऊद जाईल."

तर ते गाणं. पस्तीस वर्षांपूर्वी मल्लवीच्या चर्चमधल्या चार तरुणांनी एक मंडळ काढलं होतं, 'सनाबिल', म्हणजे कणसं. नाशिद ऊदावर, इमाद ऑर्गनवर, रिफअत झांजांच्या डफलीवर, आणि गाणारी इन्साफ, जिच्याशी नंतर ऊदवाल्याने लग्न केलं. एक लग्नाचं गाणं त्यांनी स्वतः केलं होतं. शब्द नाशिदचे, चाल इमादची: दार उघडं आहे, प्रभू, तू पुढे चाल, आम्ही मागून येतो. मल्लवीतल्या किती मुली त्या गाण्यावर नांदायला गेल्या याची गणती नाही. पुढे इमाद मिलानला गेला आणि पिझ्झा भाजू लागला. रिफअत कुवेतला गेला, मासळीच्या शीतगोदामात देखरेखीला. कणसं उडून गेली, खुंट तेवढे मल्लवीत राहिले.

मास्तरांनी दोघांना फोन केले. दोघेही रडले, दोघांनीही येशूची शपथ घेतली, आणि दोघांनीही पुढचे दहा दिवस काही केलं नाही.

पद्धत इमादने ठरवली, कारण त्याच्या मुलाचा जुना कॉम्प्युटर त्याच्याकडे होता. मास्तरांनी आधी ऊद वाजवून पाठवायचा. तो कानात लावून रिफअतने डफली, मग इमादने ऑर्गन, शेवटी इन्साफने गायचं. सगळं मिलानला जुळवायचं. आणि जुळवता यावं म्हणून प्रत्येकाने सुरुवातीला एक टाळी वाजवायची. टाळीवर टाळी ठेवली की सगळे एकदम सुरू होतात. इतकं सोपं.

ऊद एकदाचा झाला. गॅसवाला, भंगारवाला, टोमॅटोवाला आणि रोज ठरल्या वेळी जाणारी वीज, या सगळ्यांच्या फटीतून तीन मिनिटं सापडायला मास्तरांना चोवीस दिवस लागले. मग रिफअतची डफली आली. तो ती गाडीत बसून वाजवायचा, तळघरातल्या पार्किंगमध्ये, काचा बंद करून. इमादने जुळवून पाठवलं आणि मास्तरांनी ऐकलं तर डफली ऊदाच्या पुढे पळतेय.

"रिफअत, घाई करतोयस. पुन्हा वाजव."

त्याने पुन्हा वाजवली. पुन्हा पुढे. चार वेळा पाठवली, चारही वेळा तेच. मास्तर खोलीत येरझारा घालायला लागले. हा लहानपणीही असाच होता, प्रार्थनेतही इतरांच्या आधी आमेन म्हणायचा! शेवटी इमादने मूळ फाईल जशीच्या तशी पाठवली, तेव्हा उलगडा झाला. रिफअत तीन टाळ्या वाजवत होता. इमाद शेवटची टाळी धरून बसला होता, आणि रिफअत मोजत होता पहिल्यापासून.

"एक टाळी सांगितली होती ना तुला?" मास्तर फोनवर कडाडले.

"एक कशी वाजवू?" रिफअतचा आवाज अगदी निरागस. "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने सुरुवात केली. देवाच्या गाण्याला एकच टाळी? कुणाला गाळू त्यातून, तूच सांग."

त्याच फोनवर जोडलेला इमाद मिलानहून म्हणाला, बरोबर आहे त्याचं. निमूटपणे ठरलं की सगळेच तीन टाळ्या वाजवतील. म्हणजे मास्तर पुन्हा कपाटात. इन्साफने तो काळा झगा मात्र आधीच काढून दुसरीकडे टांगला होता.

सप्टेंबरच्या मध्यावर इमादचा ऑर्गन आला. मास्तरांनी चहा बाजूला ठेवला, हेडफोन लावला, आणि पहिल्या ओळीलाच त्यांचा चेहरा आंबट झाला. आमच्या गाण्यात तिसरा सूर कोमल नाही आणि शुद्धही नाही. तो दोहोंच्या मधल्या फटीत राहतो, आणि गाण्याची सगळी माया त्या फटीतच असते. आमच्याकडच्या ऑर्गनला त्यासाठी वेगळी बटणं असतात. दाबली की त्या पट्टीचा सूर जरासा खाली, फटीत उतरतो. इमादने ते बटण दाबलंच नव्हतं. दर रविवारी तो मिलानच्या एका चर्चमध्ये इटालियन लोकांसाठी वाजवायचा, तिथे त्या सुराला कोण विचारतो?

"इमाद, हे काय पाठवलंस?"

"गाणं."

"हे गाणं? आइस्क्रीमच्या गाडीवर वाजतं तसलं काहीतरी आहे हे. तिसरा सूर कुठाय?"

"आहे की तिथेच."

"तिथे तो नाहीये. तिथे त्याचा इटालियन मावसभाऊ येऊन बसलाय! अरे, चाल तुझी, एकोणिसाव्या वर्षी तूच केलेली, आणि तूच तिचं नाक कापतोस?"

"नाशिद, मी पहाटेपासून भट्टीसमोर उभा असतो. सगळं परत वाजवायला वेळ कुणाकडे आहे? तूच ऊद थोडा वर घे ना. ऊदाला कुठे पडदे असतात? बोट सरकवलं की झालं."

"बोट सरकवलं की झालं?"

"आणि तिकडे हॉलमध्ये कुणाला कळणार आहे? इथल्या लोकांना दोन्ही सारखंच वाटतं."

"मार्तीनाला सारखं वाटेल?"

इमाद दमलेला होता, नाहीतर बोलला नसता. म्हणाला, "सात वर्षं झाली रे तिला तिकडे. तिलाही आता नाही कळायचं."

मास्तरांनी फोन ठेवून दिला. बोट सरकवलं की झालं, हे वाक्य पुढचे पंधरा दिवस त्यांनी इन्साफला इतक्या वेळा ऐकवलं की ती कांदा कापतानाही तेच पुटपुटायला लागली. दुसरं वाक्य मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. ते खरं असेल याची त्यांना भीती वाटत होती. मार्तीना फोनवर बोलता बोलता हल्ली एखादा शब्द शोधायला अडखळायची. शब्द जातात तर सूरही जात असतील. मग आपण कपाटात बसून कुणासाठी घाम गाळतोय? तिघांचा मोबाईलवरचा गट गप्प पडला. रिफअत रोज सकाळी एखाद्या संताचं चित्र टाकायचा, त्याला कुणी उत्तर देत नव्हतं.

आणि त्यात ते तारखेचं लफडं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मार्तीनाचा व्हिडिओ कॉल चालू होता. इन्साफ द्राक्षाच्या पानांत भात भरता भरता विचारत होती, जेवायला काय काय ठेवलंय. मार्तीना सांगत होती: कोकराचं मांस, फत्ता, कोंबडी, बशामेलची मकरोना, लोण्याचा केक. इन्साफचा हात थांबला.

"मार्तीना, तारीख कुठली म्हणालीस?"

"एकोणतीस नोव्हेंबर. शनिवार. आई, किती वेळा सांगितलंय."

"अगं, पंचवीसपासून नाताळाआधीचा उपास लागतो!"

उपासात मांस नाही, लोणी नाही, आणि लग्न तर नाहीच. उपासाच्या दिवसांत कुठलेही अबूना मुकुट चढवत नाहीत. मार्कने हॉल घेतला होता, त्या शनिवारी तो मोकळा होता म्हणून. मार्तीना दुहेरी पाळ्या करत होती, तिने बघितलं नव्हतं. मार्कच्या घरच्यांना वाटलं, तिच्या घरच्यांनी बघितलं असेल.

"तुला एवढंही कळू नये?" मास्तर मुलीवर गरजले, आणि इन्साफने पानं भरलेल्या बोटाने त्यांच्या पाठीमागे दाखवलं. कपाटाच्या दारावर चर्चची दिनदर्शिका लटकत होती. त्यात उपासाचे सगळे दिवस जांभळ्या शाईत छापलेले, आणि त्या जांभळ्यातच, एकोणतीस तारखेभोवती, मास्तरांनी स्वतःच्या हाताने लाल वर्तुळ काढलेलं. दोन महिने ते त्याच दाराआड बसत होते. दरवर्षी चर्चमध्ये उभं राहून, उपास अमुक दिवशी सुरू, अशी घोषणा करणाराही हाच माणूस.

मास्तर त्या दिवशी स्वतःवर जितके चिडले तितके आयुष्यात कुणावर चिडले नसतील. ती दिनदर्शिका त्यांनी काढून पलंगाखाली टाकली, आणि इन्साफने ती बाहेर काढून, झटकून, परत लावली.

हॉल बदलून मिळाला तो आठ नोव्हेंबरचा, तोही दुपारी एक वाजताचा. तीन आठवडे हातचे गेले. गाणं अर्धवट, इमादशी अबोला, आणि इकडे मास्तर ताठ. "तो करेल फोन. चूक त्याची आहे." इन्साफने एक दिवस वाट पाहिली, दोन दिवस पाहिली. तिसऱ्या दिवशी तिने ओले हात झग्याला पुसले आणि स्वतःच मिलानला फोन लावला.

"इमाद, मी इन्साफ. ते बटण दाब."

"कुठलं बटण?"

"तुला माहीत आहे कुठलं. पोरीचं लग्न आठ तारखेवर आलंय. दाब आणि वाजव."

पलीकडून इमादचं ते जुनं, नाकातून येणारं हसू. "आजच करतो. त्याला सांग, मी तसं बोलायला नको होतं."

अर्ध्या मिनिटात मिटलं. मास्तरांना आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल. पण ते पुन्हा पुन्हा हेच म्हणत राहिले की पंधरा दिवस मी घसा फोडतोय आणि तुझ्या एका वाक्यावर तो ऐकतो, म्हणजे मी आजवर कुठल्या भाषेत बोलत होतो?

ऑर्गन आला, या वेळी मायेसकट. उरली इन्साफ. मास्तरांनी तिला सूचना दिल्या: कपाटात बस, तीन टाळ्या वाजव, श्वास इथे घे, तिसऱ्या ओळीवर आवाज दाबू नकोस. इन्साफ म्हणाली, माझे फूल चुलीवर आहेत, लागतील. मास्तरांनी सांगितलं, फूल म्हणजे घेवड्याच्या बिया आहेत, लेकीपेक्षा मोठ्या नाहीत. ती तणतणत कपाटात शिरली, तीन टाळ्या वाजवल्या, आणि एका दमात, एकदाही न चुकता, अख्खं गाणं गाऊन बाहेर आली आणि चुलीकडे गेली. साठीला टेकलेल्या बाईचा आवाज, शेवटी थोडा फाटलेला. मास्तरांनी ते तीनदा ऐकलं. काढायला एकही चूक सापडली नाही, तेव्हा म्हणाले, "टाळ्या जरा मोठ्या वाजल्या."

सहा नोव्हेंबरला सगळं जुळून कॅनडात पोचलं.

आठ तारखेला संध्याकाळी आठ वाजता, तिकडे दुपारचा एक, मास्तर सूट घालून, टाय बांधून, बूट चढवून स्वतःच्या बैठकीत सोफ्यावर बसले. शेजारी इन्साफ, त्याच काळ्या झग्यावर सोनेरी ओढणी घेऊन. टीव्हीच्या पडद्यावर मार्तीनाची मैत्रीण जिहान मोबाईल धरून उभी होती, त्यामुळे चित्र हलत होतं आणि मास्तर दर मिनिटाला "नीट धर, मुली" म्हणत होते. मुकुटांचा विधी चर्चमध्ये सकाळीच झाला होता. आता हॉलचं दार. काकांना मार्तीनाने गोड बोलून टेबलाशी बसवलं होतं. एकटी येणार म्हणाली होती. मार्क हॉलच्या मध्यावर उभा.

दार उघडलं. पांढऱ्या झग्यात ती दिसली, आणि गाणं सुरू झालं. ऊदाचे पहिले चार आघात स्वच्छ आले. मास्तर पुढे झुकले. तेवढ्यात हॉलमधल्या तमाम बायकांनी जिभा हलवून झगारीत सुरू केल्या, आनंदाच्या त्या लांबलचक लहरत्या किंकाळ्या, एकीची संपायच्या आत दुसरीची. ऊद गेला, ऑर्गन गेला, डफली गेली. आणि मास्तरांच्या उजव्या कानाला लागून इन्साफनेही एक ठणठणीत झगरूता सोडली.

"अगं, गप्प! तूच गातेयस तिथे!"

"गातेय म्हणून काय लेकीच्या लग्नात तोंड मिटून बसू?"

"संपलं!" मास्तरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले. "ऑगस्टपासून कपाटात! मी, इमाद, तो तीन टाळ्यांचा शहाणा! आणि ऐकू काय येतंय? बायकांच्या जिभा!"

पडद्यावर मार्तीना चार पावलं आली आणि थांबली. तिने कान दिल्यासारखं डोकं थोडं कलतं केलं. मग हात वर केला.

"हिला काय झालं?" मास्तर म्हणाले. "चाल ना! जेवण थंड होतंय लोकांचं!"

हॉलचा काळ्या कोटातला माणूस घाईघाईने पुढे आला. मार्तीनाने त्याला काहीतरी सांगितलं. तो घड्याळ दाखवू लागला. तिने मान हलवली. मग ती बायकांकडे वळली आणि अरबीत, मल्लवीच्या अरबीत, मोठ्याने म्हणाली, "मावश्यांनो, जरा दम धरा. नंतर पाहिजे तेवढ्या काढा." मध्यावरूनच मार्कने विचारलं, काय झालं? जिहानचा मोबाईल जवळ होता, म्हणून मार्तीनाचं उत्तर मल्लवीपर्यंत स्वच्छ आलं.

"बाबा बाहेरच राहिले."

झगा दोन्ही हातांनी उचलून ती मागे वळली आणि दाराबाहेर गेली. दार लागलं. अख्खा हॉल चिडीचूप. मग दार पुन्हा उघडलं आणि गाणं पहिल्यापासून सुरू झालं. या वेळी ऊदाची तार न् तार ऐकू येत होती. मार्तीना निघाली. डावा हात अंगापासून किंचित दूर, कोपरात वाकवलेला, कुणाच्या तरी हातात असल्यासारखा. ऊद तिसऱ्या सुरावर आला, त्या फटीतल्या, आणि तिथे तिचं पाऊल एक क्षण रेंगाळलं, मग पुढे पडलं.

मास्तर उठून उभे राहिले. गाल ओले झाले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"बसा की, अबू मार्तीना," इन्साफ रडवेल्या आवाजात खेकसली. "पडद्यासमोर काय उभे राहताय? मला ती दिसत नाही."

ते बसले नाहीत. जरा बाजूला सरकले, पण टाय नीट करून, बूट जुळवून, ताठ उभे राहिले. लेकीला आत नेताना बाप बसतो का कुठे? इन्साफचा आवाज शेवटच्या ओळीवर थोडा फाटला, ऑर्गन विरला. मार्कने पुढे होऊन मार्तीनाचा हात धरला, आणि मगच मास्तर खाली बसले.